आपाची वही आणि माझा पिन

आमची आपा शेंगाचटणी करून विकते. सोलापूरकरांना यात काही विशेष वाटणार नाही. इथे गल्लोगल्ली शेंगाचटणी होते. लिंगायतांच्या घरची वेगळी, पद्मशाल्यांची वेगळी आणि आम्हा दखनी बोलणाऱ्या मुसलमानांची आणखी वेगळी, असं ज्याचं त्याचं म्हणणं असतं. रमजान आला की आपा चटणीच्या जोडीला शेवयाही करते. गच्चीवर बांबू आडवे टाकून त्यावर वाळत घातलेल्या शेवया लांबून दोरीवर टाकलेल्या पांढऱ्या ओढणीसारख्या दिसतात.

दुल्हाभाई २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. यंत्रमागावर कामाला होते. मागे दोन शिकणाऱ्या मुली. पहिलं वर्ष आम्ही भावंडांनी निभावून नेलं. दुसऱ्या वर्षी आपाच म्हणाली, "कब तक लेते बैठूं? मेरे हातां को काम है ना." सुरुवात पाच किलो चटणीपासून झाली. मोहल्ल्यातली गिऱ्हाइकं, मग मुलींच्या मैत्रिणींची घरं, मग पुण्याला नोकरीला गेलेली सोलापूरची पोरं.

इथे मी मधे पडलो. मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. शाळेची ऑनलाइन माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे अर्ज, निकालाच्या याद्या, सगळं माझ्याच गळ्यात असतं. त्यामुळे घरात मी 'कॉम्प्युटरवाला'. तुमच्याही घरात असा एकजण असेल. कदाचित तो तुम्हीच असाल.

एका रविवारी जोहरनंतर बसलो आणि असरच्या आत सगळं लावून दिलं. दुसरं सिम घेतलं, माझ्याच आधारकार्डावर, कारण आपाचं कार्ड नेमकं बँकेच्या कामासाठी मुलीकडे होतं. त्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू केलं. त्यात कॅटलॉग भरला: चटणी पाव किलो, अर्धा किलो, एक किलो. फोटो मीच काढले. सहा आकडी पिन मागितला, तो मीच टाकला. ईमेल विचारला, तेव्हा 'वगळा' दाबलं. नकाशावर धंद्याची नोंद केली, माझ्याच शाळेच्या कामाच्या ईमेलवरून. एका कंपनीची फुकटात एक पानाची वेबसाइट देण्याची सोय होती, तीही घेतली. अन्नपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. ती एका सायबर कॅफेवाल्याकडून करून घेतली. तेव्हा लहान धंद्याच्या नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये होती. त्याने १५०० घेतले. अर्जात मोबाइल आणि ईमेल त्याने स्वतःचेच टाकले, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट "कटकट मिटली" असंच वाटलं.

आपा सगळा वेळ शेजारी बसून होती. मधेच तिने विचारलं, "ये पिन क्या हय?" मी म्हणालो, "तुम नक्को फिकर करू, मेरे पास हय."

बी.एड. करताना सराव पाठ घ्यावे लागत. मागच्या बाकावर बसून आमचे सर वहीत शेरे लिहीत. माझ्या पहिल्याच पाठाला शेरा होता की शिक्षक फार बोलला, वर्गाने काही केलंच नाही. तो शेरा मला त्या रविवारी आठवायला हवा होता.

पहिली चूक महिन्याभरात कळली. नकाशावर मी आपाच्या घराची खूण टाकली होती, दारापर्यंतची. धंदा शोधणाऱ्याला पत्ता सापडावा, एवढाच विचार. पण ते दुकान नव्हे, घर आहे. त्या घरात एक बाई आणि दोन तरुण मुली राहतात. रात्री दहाला अनोळखी माणसं दार वाजवायची, "चटणी मिळते का?" म्हणून. त्यात खरं गिऱ्हाईकही असेल. पण आपा दार न उघडता खिडकीतून बोलायची आणि नंतर तासभर तिला झोप लागायची नाही. हे तिने मला तीन आठवडे सांगितलं नाही. धाकट्या भाचीने सांगितलं. मी शोधल्यावर कळलं की पत्ता लपवून फक्त 'या भागात माल पोहोचवतो' एवढंच दाखवण्याची सोय त्यातच आहे. पाच मिनिटांचं काम. ते मी पहिल्याच दिवशी केलं नाही, कारण त्या घरात रात्री कोण असतं हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

दुसरी चूक मात्र हसण्यासारखी. गिऱ्हाइकाचा संदेश आला की आपोआप उत्तर जाण्याची सोय असते. मी मराठीचा शिक्षक, लिहिलं, "आपली मागणी नोंदविण्यात आली असून लवकरच आपणांस संपर्क साधण्यात येईल." दोन गिऱ्हाइकांनी परत फोन करून विचारलं, हा नंबर चटणीवाल्या आपाचाच ना, की कुठल्या सरकारी कचेरीचा? आपाने भाचीला सांगून ते खोडायला लावलं आणि नवं घातलं: "आर्डर लिहून घेतली. उद्या सकाळी सांगते. आपा." मी 'ऑर्डर' करायला सांगितलं, तर म्हणाली राहू दे, लोक आर्डरच म्हणतात.

'लिहून घेतली' हे खरंच होतं. आपाकडे दोनशे पानी शाळेची वही होती. उर्दूत, उजवीकडून डावीकडे, ती प्रत्येक ऑर्डर त्यात उतरवायची: नाव, मोहल्ला, किती किलो, किती पैसे आले, किती राहिले आणि फोन नंबर. मी तिला कितीदा म्हणालो असेन की आता सगळं फोनमध्ये आहे, वही कशाला? 'नवीन ऑर्डर', 'पैसे बाकी', 'पैसे मिळाले' अशा रंगीत चिठ्ठ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाला लावता येतात, हे मी तिला मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं. तिने चिठ्ठ्या लावल्या. वहीही लिहीत राहिली. आपा सातवीपर्यंत शिकलेली. हातात लेखणी धरून लिहिलेलं तेवढंच आपलं, असं तिचं गणित असावं.

२०२४ चा रमजान १२ मार्चला सुरू झाला. शेवयांच्या ऑर्डरी त्याआधीपासूनच येत होत्या. आपाने शेजारच्या दोन बायकांना मदतीला घेतलं होतं. एकोणिसाव्या रोज्याला, शनिवारी संध्याकाळी, विजापूर वेशीतल्या बाजाराच्या गर्दीत तिचा फोन गेला. पर्समधून कुणी काढला की कुठे पडला, कळलं नाही.

पोलिसांत तक्रार दिली. हरवलेल्या फोनचा आयएमईआय क्रमांक देऊन तो फोन बंद करवण्याची सरकारी सोय आहे, तीही केली. सिम बंद केलं. बँकेला कळवलं. हे सगळं मी शहाण्यासारखं केलं. मग नव्या सिमची गोष्ट निघाली. सिम माझ्या नावावर, म्हणजे मीच जायला हवं. रविवारी कंपनीचं दुकान बंद. सोमवारी मला निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. संध्याकाळी तिथून सुटून, रोजा सोडायच्या आधी धावत दुकान गाठलं. सिम मिळालं. पण सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. कुणी दुसऱ्याच्या नावाने सिम काढून बँकेचे ओटीपी पळवू नयेत, म्हणून हा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण ते २४ तास आपाचे गेले.

मंगळवारी संध्याकाळी ओटीपी आला. तो टाकला आणि पडद्यावर पिन मागितला गेला.

सहा आकडे. मीच टाकलेले. माझ्या लग्नाची तारीख टाकली, नाही. शाळेचा पिनकोड टाकला, नाही. आपाच्या थोरल्या मुलीची जन्मतारीख, तीही नाही. काही प्रयत्नांनंतर त्याने थांबायला सांगितलं. ईमेल दिलेला असता तर त्यावर दुवा आला असता आणि दोन मिनिटांत काम झालं असतं. ईमेलच्या जागी मी 'वगळा' दाबलं होतं. ज्याला पिन आठवत नाही आणि ज्याने ईमेल दिलेला नाही, त्याने सात दिवस थांबायचं. २ एप्रिलला संध्याकाळी थांबलो, म्हणजे ९ एप्रिल. ईद ११ एप्रिलला होती.

तोवर गिऱ्हाइकांच्या फोनवर काय दिसत होतं, ते नंतर कळलं. त्यांच्या प्रत्येक संदेशाला एकच बरीक खूण. पोहोचलाच नाही. फोन लावावा तर तीन दिवस बंद. त्यातल्या पुष्कळांनी आगाऊ पैसे क्यूआरवर पाठवून ठेवले होते. मोहल्ल्यातल्या लोकांना घर माहीत होतं, त्यांचं ठीक. पण पुण्याची आणि जुळे सोलापूरची गिऱ्हाइकं? त्यांच्यातल्या एकीने तिच्या ओळखीच्या बाईला सांगितलं की शेवयावाली पैसे घेऊन गायब झाली. ते फिरत फिरत आपाच्या कानावर आलं.

ती रडली नाही. इफ्तारचं दस्तरखान आवरता आवरता मला म्हणाली, "पैसा जाता तो आता फिर. मेरा एतबार गया तो तू कौनसे कंपनी से लाता?"

मला उत्तर देता आलं नाही.

रात्री तरावीहनंतर तिने वही काढली. सकाळी बँकेत जाऊन पासबुक छापून आणलं होतं. त्यात क्यूआरवर आलेल्या पैशांपुढे पाठवणाऱ्यांची नावं छापलेली. धाकटी भाची पासबुकातलं नाव वाचायची, आपा वहीतलं पान शोधायची. जिथे जुळलं तिथे टिक. जिथे नाव एक आणि पैसे नवऱ्याच्या खात्यातून, तिथे रकमेवरून ओळखायचं. सहरीपर्यंत बसल्या. दुसऱ्या दिवसापासून माझ्या बायकोचा फोन घेऊन आपाने एकेकाला फोन लावले. मराठीत, दखनीत, मोडक्या तेलुगूत. "मी आपा बोलते, शेंगाचटणीवाली. माझा मोबाइल चोरीला गेला. तुमची दीड किलो शेवई लिहिलेली आहे. शुक्रवारी पाठवते." आणि पाठवली. वहीत लिहिलेली एकही ऑर्डर चुकली नाही. पण त्या आठ-दहा दिवसांत ज्या नव्या ऑर्डरी आल्या असत्या, त्या गेल्या. रमजानचा शेवटचा अशरा म्हणजे शेवयांचा खरा हंगाम. वाळवलेल्या शेवया डब्यांत राहिल्या, त्या पुढे बकरी ईदपर्यंत पुरल्या.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. ज्या कंपनीने फुकटात पान दिलं होतं, तिने मार्च २०२४ मध्ये ती सोयच बंद केली. आधी कळवलं होतं म्हणे. पण कळवलं कुठे? ज्या ईमेलवर खातं काढलं होतं तिथे, म्हणजे माझ्या शाळेच्या कामाच्या ईमेलवर. तिथे रोज चाळीस परिपत्रकं येतात. आणि मी हौसेने त्या पानाचा पत्ता चटणीच्या दोन हजार लेबलांवर छापून घेतला होता. लेबलांचा गठ्ठा अजून अर्धा शिल्लक होता. त्याच लेबलावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांकही होता. पुण्याच्या एका दुकानदाराने तो तपासला आणि कळवलं की याची मुदत कधीच संपली आहे. सायबरवाल्याने नोंदणी एकाच वर्षाची केली होती. मुदत संपत आल्याचा निरोप गेला असेल तर त्याच्या फोनवर. तो काय आपल्याला सांगायला येणार?

मी हिशेब केला. सिम माझं. पिन माझा, तोही विसरलेला. नकाशावरचा धंदा माझ्या ईमेलचा. नोंदणी सायबरवाल्याच्या मोबाइलची. आपाच्या नावाचं असं त्या अख्ख्या धंद्यात काय होतं? हात आणि वही. आमच्या समाजात बायकांच्या हाती पैसा यावा, त्यांनी पायावर उभं राहावं, यावर मी शाळेच्या कार्यक्रमांत भाषणं केली आहेत. लोक टाळ्याही वाजवतात. आणि घरात मी बहिणीला दुकान काढून दिलं, पण किल्ल्या स्वतःच्या खिशात ठेवल्या. वाईट हेतूने नाही, घाईने. तिला समजावून सांगायला जो वेळ लागला असता, तो मला द्यायचा नव्हता, एवढंच.

ईदनंतर पुन्हा बसलो. या वेळी फोन आपाच्या हातात आणि मी हात मागे बांधून. आधी फोनची भाषा बदलली. तोवर सगळं इंग्रजीत होतं, कारण मला इंग्रजीत सोपं पडतं. उर्दू केल्यावर पडद्यावरचं सगळं उजवीकडे सरकलं. आपा थोडा वेळ नुसतं बघत राहिली, मग म्हणाली, "ये तो सब लिख्या हुआ हय रे." दोन वर्षं ती बटणांच्या जागा पाठ करून फोन वापरत होती. वाचून नव्हे.

तिच्या नावाचा ईमेल काढला. सिम तिच्या आधारवर, दुकानात रांगेत उभं राहून. 'उद्यम' नोंदणीसाठी एक जण हजार रुपये मागत होता. ती नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी आला की झालं. तिने ती भाचीला शेजारी बसवून स्वतः केली. अन्नसुरक्षेचा अर्ज नव्याने, तिच्या मोबाइलवर. नकाशावरची मालकी माझ्या ईमेलवरून तिच्या ईमेलवर दिली. पिन तिने टाकला, मी तोंड फिरवून बसलो. पिन विसरला तर म्हणून ईमेलही दिला. दर रात्री गप्पांची प्रत त्या ईमेलच्या खात्यात साठेल असं केलं. या सगळ्याला एक दुपार नाही, पाच रविवार लागले. एका रविवारी तर नुसतं 'पासवर्ड आणि ओटीपीत फरक काय' एवढंच झालं. मी वर्गात नेहमी करतो तसं उदाहरण दिलं: पासवर्ड म्हणजे आपली किल्ली, ओटीपी म्हणजे दारात आलेल्याने सांगायची आजची खूण. आपाला उदाहरण आवडलं नाही. म्हणाली, सरळ सांग, कोणता कुणाला सांगायचा? दोन्ही कुणालाच नाही, म्हटलं. "बस. इतनाच बोलना था."

वहीच्या शेवटच्या पानावर आता मुदतीच्या तारखा आहेत: नोंदणीची, रिचार्जची. पिन तिथे लिहिलेला नाही, मी तपासलं.

मध्ये एकदा तिला फोन आला. शुद्ध हिंदीत बोलणारा माणूस; म्हणाला, मी लष्करातला, आमच्या कॅम्पला चाळीस किलो चटणी हवी, आगाऊ पैसे पाठवतो. त्याने एक क्यूआर पाठवला: हा स्कॅन करा, तुमचा पिन टाका, पैसे जमा होतील. अशा फोनला शिकलेली माणसं फसलेली मी पाहिली आहेत, आमच्या शिक्षकांच्या खोलीतलीसुद्धा. आपाने विचारलं, "पैसे मला येणार, तर पिन मी कशाला टाकू? मी काय तुम्हाला पैसे देते?" त्याने फोन ठेवला. तिने तो नंबर १९३० वर कळवला आणि मग मला सांगितलं. आधी मला विचारून मग केलं नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.

लेबलं नवी छापली, हजारच. त्यावर वेबसाइट नाही, फक्त फोन नंबर आणि नवा नोंदणी क्रमांक. जुनी उरलेली लेबलं भाच्या वहीला कव्हर घालायला वापरतात.

पुढच्या रमजानला मी मुद्दाम गिऱ्हाइकासारखा संदेश पाठवला: दोन किलो शेवया हव्यात. लगेच उत्तर आलं, "आर्डर लिहून घेतली. उद्या सकाळी सांगते. आपा." सकाळी तिचा आवाजी निरोप आला. शेवया चाँदरातीच्या आधी मिळतील, पण माझ्या नावावर 'पैसे बाकी'ची चिठ्ठी आहे. गेल्या बकरी ईदच्या अर्धा किलो चटणीचे पैसे मी अजून दिलेले नाहीत. ते आधी क्यूआरवर टाक, म्हणाली.